अजगर जेवेना

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा नववीत शाळा सोडून मुंबईला गॅरेजात लागले, आई सातवी पास, आणि त्यांच्या मागच्या पिढ्यांनी सहीच्या जागी अंगठा लावून आयुष्य काढलं. हे मी अभिमानाने सांगते, आणि दर चार पानांनी सांगते अशी माझ्या घरच्यांची तक्रार आहे. असू दे. या प्रकरणात त्याच अभिमानाची थोडी झाडाझडती व्हायची आहे, म्हणून ते आधीच सांगून मोकळी झाले.

आखातात, अल अमेरातला, आम्ही एका लाँड्रीच्या वर राहायचो. हॉल, एक खोली, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालायला एवढीशी गॅलरी. गॅलरीसमोर करडे, उघडेबोडके डोंगर. खालून दिवसभर इस्त्रीच्या वाफेचा फुस्स फुस्स आवाज यायचा आणि वर आईचा कुकर त्याला शिट्टीने उत्तर द्यायचा. बाबा गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका गॅरेजमध्ये डेंटर होते. ठोकलेल्या गाडीचा पत्रा आतून हातोडीने ते असा सरळ करायचे की मालक येऊन विचारायचा, नक्की हीच बाजू लागली होती ना? आई डबे करायची. बारा माणसं होती. कुणी एसी दुरुस्त करणारा, कुणी ड्रायव्हर, कुणी सुतार, सगळे बायकामुलं गावी ठेवून आलेले. आठवडाभर डबे जायचे, पण शुक्रवारी दुपारी ही बाराच्या बारा माणसं आमच्या हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरून पंगतीला बसायची. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सोलकढी, आणि सुरमईचा रस्सा. सुरमईला तिथे कनद म्हणतात. ती बरका गावच्या मासळीबाजारातून दाऊदभाई आणून द्यायचे. तेही आमच्यासारखे रत्नागिरीकडचेच, त्यामुळे आईला माशाचा कुठला तुकडा लागतो हे त्यांना सांगावं लागत नसे.

त्या पंगतीत आईला बघायला हवं होतं. स्वयंपाक बऱ्याच बायका चांगला करतात, पण आग्रह आईसारखा कुणी करावा? पदर खोचून ती रांगेतून फिरायची आणि प्रत्येकाच्या ताटासमोर उभी राहून तो काय खातो, किती खातो, कुठे थांबतो हे बघायची. कुणी हात आडवा धरला की त्या हाताच्या खालून भाकरी सरकवायची. ‘वहिनी, पुरे’ याचा तिच्या लेखी अर्थ ‘अजून एक’ असाच होता. आग्रह हा तिचा खरा धंदा. त्याच्या आधी स्वयंपाक करावा लागतो म्हणून ती तो करायची. तिच्या दारातून कुणी उपाशी परत गेलेला नाही, असं ती लहान मुलं पाढा म्हणतात तशी ठामपणे सांगायची.

अशा घरात एका संध्याकाळी बाबा गाडी झाकायच्या चंदेरी कापडात गुंडाळलेली काचेची पेटी छातीशी धरून जिना चढून आले. पेटी त्यांनी टीव्हीच्या शेजारी ठेवली, कापड काढलं आणि आई स्वयंपाकघरात गेली ती दार लावूनच. आत साप होता. खरं म्हणजे अजगराचं पिल्लू. आफ्रिकेकडची एक लहान जात असते, घाबरलं की डोकं मध्ये घेऊन स्वतःचा चेंडू करून बसणारी. माझ्या अंगठ्याएवढं जाड, तपकिरी अंगावर सोनेरी ठिपके. आम्ही बघितलं तेव्हा ते चेंडूच होऊन बसलेलं होतं, आणि पुढे कितीतरी दिवस आम्ही त्याचा तेवढाच आकार बघितला.

झालं होतं असं. बाबांच्या गॅरेजचे मालक, ज्यांना सगळे अर्बाब म्हणायचे, त्यांच्या मुलाने, सालिमने, ते पिल्लू दुबईहून कुणाकडून तरी आणलं. आठच दिवसांनी सालिम शिकायला मलेशियाला गेला. मागे अर्बाबच्या आईने जाहीर केलं की या घरात एक तर तो राहील नाहीतर मी. अर्बाब पेटी गाडीत घालून गॅरेजवर आले आणि कोण सांभाळेल म्हणून विचारलं. सगळे आपापल्या बोनेटखाली वाकले. बाबा मात्र म्हणाले, माझी मुलगी सायन्सला आहे. अर्बाब म्हणाले, खलास, रघुनाथ, म्हणजे ठरलं. आणि पेटी आमच्याकडे आली. पिल्लाने आल्यापासून काही खाल्लेलं नाही, तेवढं त्याला जेवायला लावा, असं ते जाता जाता सांगून गेले.

आता यात भीती कसली, असं वाचणाऱ्याला वाटेल. भीती फ्रिजवर होती. फ्रिजवर एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये आईचे आणि माझे व्हिसाचे कागद होते. आमचा व्हिसा त्या महिन्याअखेर संपत होता आणि नव्या अर्जावर अर्बाबची सही लागायची. मी अकरावीत होते. सही झाली नाही तर आई आणि मी देवरुखच्या पलीकडे आमच्या गावी. तिथून सायन्सचं कॉलेज एसटीने दीड तास, आणि त्या एसटीला आडवे पडायला दोन काका आणि एक आजोबा. ‘पोरीला कशाला एवढं?’ हे वाक्य आमच्या घरात पिढीजात होतं. म्हणजे माझं शिक्षण त्या एका सहीला टांगलेलं होतं. बाबा नेमके त्याच आठवड्यात कागद अर्बाबपुढे ठेवणार होते. साप आला आणि त्यांनी फाइल परत फ्रिजवर ठेवली. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, “त्यांनी एक काम सांगितलंय. ते होऊ दे आधी. काम अर्धवट ठेवून आपलं पुढे करायचं, बरं दिसत नाही.”

अर्बाब माणूस चांगला होता. त्याने कसलीही अट घातलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी कागद पुढे केले असते तर त्याने उभ्या उभ्या सही केली असती, हे आज मला पक्कं ठाऊक आहे. पण बाबांच्या त्या भिडेला काय करणार? आयुष्यभर त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही, आणि मागायची वेळ आली की आधी आपल्या बाजूने काही तरी चुकतं करायला बघायचे. अट आमची आम्हीच घातली आणि मग तिच्याखाली महिनाभर चिरडून घेतलं.

मी बाबांना म्हणाले, येतं मला, काळजी करू नका. तोवर मी पुस्तकातल्या बेडकाच्या आकृतीला नावं देण्यापलीकडे कुठल्याही प्राण्याला हात लावलेला नव्हता. पक्षी आणि मासे विकणाऱ्या एका दुकानात बाबांबरोबर गेले, तिथल्या मल्याळी माणसाने बर्फात गोठवलेली उंदरांची पिल्लं पाकिटात घालून दिली. गरम पाण्यात धरून ऊब आणायची, चिमट्याने समोर धरायचं, खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही नाहीतर ओकून टाकेल, एवढं त्याने सांगितलं. पेटीखाली घालायला उबेची एक चटई दिली. लहान पिल्लं कधीकधी रुसतात, असंही म्हणाला. पाकीट आमच्या फ्रीझरमध्ये बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बंद झालं. आईने अट घातली, त्या डब्याला हात लागला की कोपरापर्यंत हात धुवायचे आणि तासभर माझ्या कढयांकडे फिरकायचं नाही. ती स्वतः पेटीपासून चार हात लांब असायची. टीव्ही पुसायचा झाला तरी काठीला फडकं बांधून पुसायची.

पहिल्या शुक्रवारी मी सगळी तयारी करून बसले. पेटीत लपायला एक पुठ्ठ्याचं खोकं होतं, ते मी काढून टाकलं होतं, कारण सालिमला रोज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ हवा असायचा आणि खोक्यात शिरला की काही दिसायचं नाही. शिवाय खाल्लं की नाही हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. वर अभ्यासाचा दिवा लावला. पंगत समोरच बसलेली. मी चिमट्याने उंदीर पुढे धरला. चेंडू हलला नाही. मी अजून जवळ नेला. त्याने डोकं आणखी आत घेतलं.

पवारकाका म्हणून एसीवाले होते, कोल्हापूरकडचे, आईच्या पंगतीतले सगळ्यात बोलके. ते म्हणाले, “पाहुणे लाजतायत. अहो पाहुणे, संकोच करू नका, घर आपलंच आहे.” झालं. त्या दिवसापासून सापाचं नाव पाहुणे पडलं. बारा माणसं जिना चढून आली की चपला काढायच्या आत विचारायची, पाहुण्यांनी घेतलं का काही? मग एकेक जण काचेशी वाकून बघायचा, बोटाने टिचकी मारायचा, समजूत घालायचा. कुणी हात जोडायचा. एकाने वाटीत दूध आणून ठेवलं, तेव्हा मी सापाला दूध पचत नाही यावर सगळ्यांना उभं करून भाषण दिलं. बारा बापे ताटात हात थांबवून सोळा वर्षांच्या मुलीचं ऐकत होते, माना डोलावत होते. पवारकाका म्हणाले, ‘शिक्षण ते शिक्षण.’ मला त्या भाषणाची इतकी गोडी लागली की पुढच्या शुक्रवारी कुणी विचारलं नसताना पुन्हा दिलं.

आणि आई. तिची भीती आठवड्याभरात गेली असं नाही म्हणणार मी, पण भीतीपेक्षा मोठं काही तरी तिच्या मनात शिरलं. तिच्या घरात कुणी तरी जेवत नव्हतं. चार हात लांबूनच ती दिवसातून दहा वेळा येऊन उभी राहायची आणि बघायची. घेतलं? नाही? दुपारी मी शाळेत असताना लाँड्रीवाल्याच्या बायकोला वर बोलावून दाखवायची. दुसऱ्या आठवड्यात तिने मला सुचवलं, त्याला एक उंदीर आवडला नसेल, दोन ठेवून बघ, पर्याय असला की माणूस खातो. मी दोन ठेवले. दोन्ही वास मारायला लागले तेव्हा काढले.

पिल्लाचं वजन मी आईच्या मसाल्याच्या काट्यावर करायची. पहिल्यांदा चौऱ्याऐंशी ग्रॅम भरलं. आईने तो काटा मला कायमचा देऊन टाकला आणि मसाला मुठीने मोजायला लागली. दुसऱ्या आठवड्यात ऐंशी. मग शहात्तर. पाठीचा कणा वरून दिसायला लागला, कातडी बाजूला सैल पडली. बाबा कामावरून आले की पूर्वी दारातूनच विचारायचे. आता विचारत नव्हते, नुसते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि हातपाय धुवायला जायचे. रात्रीच्या जेवणाला तिघांच्यात एसीचा आवाज तेवढा. फाइल फ्रिजवर तशीच. फ्रिज बंद-चालू होताना थरथरायचा, ती जरा पुढे सरकायची, आई मागे सारायची.

महिना संपायला आठ दिवस राहिले तेव्हा पवारकाकांनी उपाय काढला. त्यांची आजी आजारी वासराला जबडा फाकून औषध पाजायची, तसं करू. मी नको म्हणायला हवं होतं. पण बारा माणसांत मी जाणकार ठरलेली होते, आणि जाणकाराने काही तरी करून दाखवायचं असतं. बुधवारी शाळेतून आल्यावर मी डोक्यामागे धरलं आणि बाबांनी, ज्यांच्या हाताखाली लोखंडी पत्रा मऊ व्हायचा, त्या माणसाने दोनदा मागे घेऊन मग प्लॅस्टिकच्या चमच्याचं टोक त्याच्या तोंडात सरकवलं. तोंड उघडलं. आत फिकट गुलाबी. मी उंदीर ढकलला. अर्धा गेला. मग त्याच्या सगळ्या अंगाला एक पीळ बसला, माझ्या मनगटाभोवती गच्च, आणि त्याने तो बाहेर टाकला. ओठाच्या कडेला रक्ताचा बारीक थेंब होता. मी त्याला पेटीत ठेवलं, तो चेंडू झाला नाही. तसाच लांब पडून राहिला. ते बघून मला जास्त भीती वाटली. बाबा चमचा हातात धरून उभे होते. तो त्यांनी धुतला आणि मग कचऱ्यात टाकला.

त्याच संध्याकाळी अर्बाबचा फोन आला. शुक्रवारी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर येतो, सालिमला व्हिडिओवर बघायचंय, मी हातात घेऊन दाखवीन त्याला. बाबा ‘इन्शाल्ला, अर्बाब’ एवढंच म्हणाले आणि फोन किती तरी वेळ कानाशी तसाच धरून बसले. मग म्हणाले, सांगून टाकतो, नाही जमलं म्हणून. घेऊन जा म्हणतो. आईने विचारलं, आणि कागद?

गुरुवारी शाळेतून आले. आईने ताट वाढलं. वरणभात, वर तूप, बाजूला तळलेली बोंबलाची चटणी, माझ्या आवडीचं सगळं. मी बसले, घास केला, आणि घास तोंडापर्यंत जाईना. आई समोर बसली होती. बाबाही त्या दिवशी लवकर आले होते, दाराला टेकून उभे होते. दोघांची नजर माझ्या हातावर. आई म्हणाली, खा. मी घास खाली ठेवला. ती म्हणाली, थोडं तरी, दोन घास, माझ्यासाठी. मला एकदम रडू फुटलं आणि मी ओरडले, “तुम्ही दोघं बघू नका ना माझ्याकडे. बघताय म्हणून जात नाही घशाखाली.”

आई उठली नाही. नजर मात्र तिने ताटावरून काढली आणि खिडकीकडे नेली. मग सांगायला लागली, मला की बाबांना की खिडकीला, कोण जाणे. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पहिल्या दिवशी तिला मध्ये बसवून सगळ्या बायका भोवती बसल्या. सासू, दोन चुलतसासवा, नणंदा, शेजारणी. नाव घे म्हणाल्या, तिने घेतलं. मग जेव म्हणाल्या. प्रत्येकीने ताटात काही ना काही घातलं आणि प्रत्येकजणी बघत बसली. तिने घास उचलला आणि तिचा घसा बंद झाला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चुलतसासू म्हणाली, माहेरचं गोड लागत असेल, आमचं कसं लागेल? तरी तिला गिळता येईना, आणि रडताही येईना. शेवटी शेजारची एक म्हातारी होती, कुणाची कोण ते आईला अजूनही नीट सांगता येत नाही. तिने दुपारी सगळ्या नदीवर गेल्यावर मागच्या पडवीत भात आणि पिठलं झाकून ठेवलं, आईला तिथे नेऊन बसवलं आणि स्वतः उंबऱ्यात तिच्याकडे पाठ करून बसली. काही बोलली नाही. जेव म्हणाली नाही. आईने ताट चाटूनपुसून खाल्लं.

बाबा हे पहिल्यांदाच ऐकत होते. ते म्हणाले, तू कधी सांगितलं नाहीस. आई म्हणाली, “तुम्ही कुठे विचारलंत. तुम्हीपण तिथेच बसला होतात, बघत.” आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, “बाय, त्याला महिनाभर आपण काय केलं गो? एवढंसं पोर ते. नव्या घरात आणलं आणि बाराजण भोवती बसवले. दिवा लावला. लपायला होतं ते पण काढून घेतलं.”

मी म्हणाले, सापाचं तसं नसतं आई, त्याची मज्जासंस्था वेगळी असते. खरंच म्हणाले मी असं. आईने ऐकून घेतलं आणि उठली.

तिने फोन घेतला आणि पवारकाकांना सांगितलं की उद्या हॉलमध्ये पंगत नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा होत होतं. पलीकडून ते काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण आई म्हणाली, जेवण आहे हो, उपाशी नाय ठेवत, जिन्यात बसा. मग तिने दह्याचं एक मातीचं गाडगं रिकामं केलं, त्याचा काठ एका बाजूला फोडला आणि मला दिलं, हे उपडं घाल आत. मी घातलं. तासाभराने बघितलं तर पेटी रिकामी दिसत होती. तो आत शिरला होता. चंदेरी कापड आम्ही चारी बाजूंनी सोडलं. दिवा काढला. आणि एसी बंद केला. तेव्हा मला कळलं की बारा माणसांना गार वाटावं म्हणून आम्ही जो एसी लावायचो त्याचा झोत थेट पेटीवर पडत होता.

शुक्रवारी सकाळपासून कुणी हॉलमधून गेलं नाही. आई गॅलरीच्या बाजूने ये-जा करत होती. अकराच्या सुमाराला मी बिस्किटाचा डबा काढला, उंदीर गरम पाण्यात धरला आणि चिमटा घेऊन निघाले. आईने हात पुढे केला. म्हणाली, “दे. वाढते मी.” जी बाई काठीला फडकं बांधून टीव्ही पुसायची, तिने पदर नाकाला लावला, बशीत तो उंदीर घेतला, कापडाचा कोपरा उचलला आणि बशी गाडग्याच्या तोंडाशी ठेवली. मी दारातून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा आईने कुणाला वाढलं आणि एक शब्द बोलली नाही. झाकण लावलं, कापड सोडलं, मागे न बघता बाहेर आली आणि दाराला कडी घातली.

मग जिन्यातली पंगत. दोन मजल्यांच्या मधल्या पायऱ्यांवर एकाखाली एक बारा माणसं, मांडीवर वर्तमानपत्र, वर ताट. रश्श्याचं पातेलं हातोहात खाली जायचं आणि वर यायचं. सगळे कुजबुजत बोलत होते, कारण आईने बजावून ठेवलं होतं. दाऊदभाई माशाची रिकामी पाटी न्यायला आले, त्यांनाही तिने खुणेनेच बसवलं. ते शेवटच्या पायरीवर ताट घेऊन बसले आणि शेजारच्याला हळूच विचारलं, कुणी आजारी आहे का? लाँड्रीवाला दोनदा डोकावून गेला. आई वाढत होती, पण तिचं मन तिथे नव्हतं. एकदा वाढून झालं की पुढे जायची, कुणाच्या ताटात वाकून बघत नव्हती. पवारकाका ताट रिकामं करून वाट बघत बसले, आणि आग्रह काही होईना. शेवटी त्यांनी स्वतःच हळूच ताट पुढे केलं, “वहिनी, एक भाकरी मिळेल का?” असं मागताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

माझ्याच्याने राहवेना. एक वाजला, दीड वाजला. मी उठले की आईची नजर यायची. दोनला मी दारापाशी गेलेच. आई आली आणि दाराला पाठ टेकून खाली बसली. मी म्हणाले, फक्त कापडाचा कोपरा उचलते. ती म्हणाली, “आपण बघण्याने तो जेवणार असता तर एव्हाना माजला असता. बस खाली.” मी बसले. माणसं एकेक करून हात धुवून गेली. कुणी जाता जाता नमस्कार केला, बंद दाराला. बाबा खाली फाटकाशी उभे होते, अर्बाबच्या गाडीच्या वाटेकडे डोळे लावून. फाइल त्यांच्या हातात नव्हती. ती त्यांनी फ्रिजवरच ठेवली होती.

असरची अजान झाली तसं आई दारापासून बाजूला सरकली. म्हणाली, जा आता. एकटी जा.

हॉलमध्ये काळोख होता आणि इतकी ऊब की श्वास जड झाला. घरात इतकी शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. कापडाचा कोपरा उचलला. बशी रिकामी. मला आधी वाटलं, उंदीर कुठे घरंगळला. गुडघ्यावर बसून सगळी पेटी डोळ्यांनी चाळली. मग गाडग्याच्या फुटक्या काठाशी नजर गेली. आत तो होता. अंगाच्या मधोमध, जिथे काल कणा दिसत होता, तिथे सुपारीएवढा फुगवटा. जीभ एकदा बाहेर आली आणि आत गेली. मी कोपरा सोडला आणि तिथेच फरशीवर बसून राहिले. बाहेर गाडीचा दरवाजा वाजला.

अर्बाब वर आले, मागे बाबा. बाबांनी माझा चेहरा बघितला आणि जिन्याच्या कठड्याला धरलं. अर्बाब खुशीत होते, फोन हातात, सालिम पलीकडे लागलेला. बाह्या सारून ते पेटीकडे निघाले. आणि मी मध्ये उभी राहिले. सही व्हायची होती, माणूस तो होता ज्याच्यासमोर माझे बाबा खुर्चीवर बसत नसत, आणि मी म्हणाले, “नो अर्बाब. अभी खाया है. दो दिन हाथ नहीं लगाना.” बाबांचा रंग उडाला. अर्बाब थांबले. माझ्याकडे बघितलं, कापडाकडे बघितलं, मग मोठ्याने हसले आणि लगेच तोंडावर हात धरून आवाज कमी केला. फोन त्यांनी रिकाम्या बशीवर धरला, मग गाडग्याच्या तोंडावर. पलीकडून सालिम अरबीत काही तरी ओरडत होता, आनंदाने.

बाबा कधी आत गेले आणि फाइल घेऊन आले ते मला दिसलं नाही. अर्बाबनी ती टीव्हीच्या टेबलावर ठेवली, कुठे म्हणून विचारलं आणि तीन ठिकाणी सह्या केल्या. वाचलंसुद्धा नाही. पेन परत देताना त्यांनी बाबांना विचारलं, हे केलं कसं? बाबांनी माझ्याकडे हात केला. ऊर भरून आला होता त्यांचा, त्यांना हिंदी सुचेना. म्हणाले, “बेटी. सायन्स.” अर्बाबनी मला विचारलं, कैसे किया, बेटी?

आई स्वयंपाकघरात होती. पडद्याआड ती त्यांच्यासाठी चहा गाळत होती. मला पडद्याखाली तिची पावलं दिसत होती. मी म्हणाले, “किताब में पढ़ा.”

आत चहा गाळण्याचा आवाज थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. मग ती कप घेऊन बाहेर आली, पदर डोक्यावर, कप ठेवला आणि गेली. त्यावर तिने त्या दिवशी काही म्हटलं नाही, नंतरही नाही. मी ती गोष्ट पुढे पुष्कळ सांगितली, कॉलेजच्या मुलाखतीत, मैत्रिणींत, गावात माझा सत्कार झाला तेव्हा माईकवरसुद्धा, आणि दर वेळी त्यात पुस्तक होतं. सत्काराच्या दिवशीही आई पहिल्या रांगेत बसून ऐकत होती.

सापांच्या पुस्तकांत ही युक्ती असेलही. मी तेव्हा एकही वाचलेलं नव्हतं. पण ज्या बाईने त्या पिल्लाला जेवू घातलं तिचं नाव कुठल्याच किताबात नव्हतं. सुमती रघुनाथ, शिक्षण सातवी. आता आहे.